हिरव्या चुड्याचं माप आणि जनुकांची भीती

पत्र

मॅडम, मी नागपुरात मानेवाड्याला राहते. वय २७, धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. दोन वर्षांपासून मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, तरी सकाळी साडेनऊपर्यंत बोटं वळत नाहीत. मार्गशीर्षात लग्न ठरलं आहे. मागच्या रविवारी सकाळीच आई आणि मावशीसोबत इतवारीत चुड्याचं माप द्यायला गेले. कासाराने बांगडी चढवायला हात दाबला आणि मी ओरडलेच. दुकानातल्या सगळ्या बाया वळून पाहू लागल्या. मावशीने तिथंच विचारलं, "सासरी सांगितलं का?" होणाऱ्या नवऱ्याला माहीत आहे, त्याच्या आईला नाही. धंतोलीच्या डॉक्टरांनी आता टोफासिटिनिब नावाची गोळी सुरू करू म्हटलं आहे. नवऱ्याच्या काकांचं औषधाचं दुकान आहे. त्यांनी कुठंतरी वाचलं की ही गोळी पेशींमधल्या जनुकांवर परिणाम करते, म्हणून "मुलाबाळांचा विचार करा" असं ते म्हणतात. माझी जनुकं बदलतील का? मुलांना त्रास होईल का? लग्नापर्यंत सगळं बंद करून फक्त इम्युनिटीचा काढा घेतला तर चालेल का? सीआरपी, म्हणजे शरीरातल्या सुजेचं रक्तातलं माप, ३८ आहे, हिमोग्लोबिन ९.२. वर्षभर लोहाच्या गोळ्या आणि बीट खाऊनही ते वाढत नाही.

उत्तर

प्रिय पोरी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. नाही, ही गोळी तुझं एकही जनुक बदलत नाही. तुझ्या पोटी येणाऱ्या लेकराला तुझ्याकडून जी जनुकं मिळतील, ती तुला तुझ्या आईवडिलांकडून आलेलीच असतील, गोळी घेतलीस तरी आणि नाही घेतलीस तरी.

काकांनी वाचलेलं वाक्य मात्र खोटं नाही. ही गोळी रोगप्रतिकारक पेशींमधल्या जनुकांच्या कामावर परिणाम करते, हे बरोबर आहे. फक्त जनुक वेगळं आणि जनुकाचं काम वेगळं. बत्तीस वर्षं मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, हुशार हुशार मुलं नेमकी याच ठिकाणी अडकायची. म्हणून सावकाश सांगते. तूही घाईने वाचू नकोस, आणि वाचून झालं की त्या काकांनाही वाचायला दे.

आपल्याकडे देवघरात एखादी जुनी पोथी असते. रोजच्या वाचनाचा अध्याय एक, घरात कुणी आजारी असलं की दुसरा, श्रावणात तिसराच. अक्षरं तीच राहतात, उघडायचं पान तेवढं बदलतं. तुझ्या यकृतातल्या, कातडीतल्या, बोटाच्या सांध्यातल्या पेशींत अशी एकच पोथी आहे, डीएनए नावाची. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं तिच्यात आहेत. एका पेशीतला तिचा धागा सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. यकृताची पेशी त्यातली तिच्या कामाची पानं वाचते, सांध्यातली पेशी तिच्या कामाची. (टी आणि बी नावाच्या पेशी घडताना आपल्या पोथीतले काही तुकडे कापून नव्याने जोडतात, हे शास्त्राच्या विद्यार्थ्याने मला लगेच सांगितलं असतं. ते खरं आहे, पण त्याचा गोळीशी काही संबंध नाही आणि ते मुलांत उतरत नाही.)

मग आज कोणतं पान उघडायचं, हे कोण ठरवतं? बरंचसं शेजारपाजारच्या पेशी ठरवतात. त्या निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे लहान लहान प्रथिनं. इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन, टीएनएफ ही त्यांची नावं आणि सायटोकाइन हे त्यांचं आडनाव. कोविडच्या दिवसांत 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घराघरांत पोचला होता, तीच ही प्रथिनं.

यांतलं पहिलं नाव पुढे आलं ते १९५७ मध्ये, लंडनला. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. मग भोवतीचं पाणी काढून ताज्या तुकड्यांवर घातलं. त्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूही नीट वाढेना. पहिल्या पेशींनी पाण्यात काहीतरी सोडलं होतं आणि ते लागताच दुसऱ्या पेशी सावध झाल्या होत्या. त्या 'काहीतरी'ला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. वर्गात हा प्रयोग सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद व्हायचा. अंड्याचा पडदा आणि थोडं पाणी, एवढ्यावर केवढी गोष्ट कळली.

पण निरोप बाहेर आला आणि आतलं पान उलटलं, हे घडलं कसं? ते कळायला आणखी पस्तीस वर्षं गेली. न्यूयॉर्कमध्ये जेम्स डार्नेल यांच्या प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो रस्ता उलगडला. निरोप घेऊन आलेलं प्रथिन घरात शिरतच नाही, ते पेशीच्या दाराची कडी वाजवतं. दाराच्या आतल्या बाजूला जॅक नावाचं प्रथिन टेकून बसलेलं असतं. त्याला हे नाव जेनस या रोमन देवावरून मिळालं. जेनस म्हणजे दारांचा देव, त्याला दोन तोंडं. कडी वाजली की दोन जॅक जवळ येतात, एकमेकांना जागं करतात आणि आत उभ्या असलेल्या स्टॅट नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. तहसीलीत शिक्का बसल्याशिवाय कागद पुढच्या टेबलावर सरकत नाही ना, अगदी तसंच. शिक्का बसलेले दोन स्टॅट जोडीने केंद्रकात जातात, धाग्यावरची आपली ठरलेली जागा शोधून तिथं बसतात आणि ते जनुक वाचलं जाऊ लागतं. त्याची एमआरएनए नक्कल निघते, नकलेवरून प्रथिन तयार होतं. कडी वाजल्यापासून स्टॅट केंद्रकात पोचेपर्यंत काही मिनिटंच लागतात. माणसाच्या शरीरात जॅक चार आहेत आणि स्टॅट सात. कोणत्या निरोपाला कोणती जोडी उठते, त्यावर पान ठरतं.

टीएनएफचा रस्ता निराळा. त्याच्या निरोपाने जे प्रथिन उठतं त्याला एनएफ-कप्पा-बी म्हणतात. ते १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. हे प्रथिन पेशीत आधीपासून तयारच असतं, पण गोठ्यातल्या बैलासारखं दाव्याने बांधलेलं. टीएनएफची हाक आली की दावं तोडलं जातं आणि ते केंद्रकात धावतं. आणि सगळ्यात आधी ज्या पानांवर जाऊन बसतं, त्यांत एक पान नवं दावं वळण्याचं असतं. म्हणजे सुटतानाच पुन्हा बांधलं जाण्याची सोय. जॅकच्या रस्त्यावरही असाच लगाम आहे. स्टॅट जी जनुकं उघडतात त्यांतली काही जॅकलाच गप्प करणारी प्रथिनं बनवतात. निरोगी शरीरात निरोप येतो, काम होतं, आवाज खाली बसतो.

तुझ्या सांध्यात तो खाली बसत नाही. शरीर स्वतःच्याच काही प्रथिनांना परकं समजतं, टीएनएफ सुटतं, त्याच्यामुळे शेजारची पेशी इंटरल्यूकिन-६ सोडते, ते ऐकून तिसरी उठते आणि पहिलीला पुन्हा हाक देते. लगाम आहेत, पण नवे निरोप त्यांच्यापेक्षा वेगाने येत राहतात. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी मग नको ते पान उघडून बसतात आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) खाणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवत राहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतो तेव्हा रोगराई कुणीतरी गावाबाहेर नेईल अशी आस असते. हा आजार असा बाहेर नेता येत नाही, कारण तो बाहेरून आलेला नाही. हा तुझ्याच पेशींचा आवाज आहे, तो कमी करावा लागतो.

आता तुझ्या हिमोग्लोबिनकडे येते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त कशाने गलबलून आलं असेल तर त्या बिटाने. वर्षभर बिचारी तू बीट खाते आहेस.

सांध्यातून निघालेलं इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत जातं. तिथं यकृताच्या पेशीची कडी वाजते, जॅक उठतो, स्टॅट-३ वर शिक्का बसतो आणि दोन जनुकं जोरात वाचली जाऊ लागतात. एक सीआरपीचं. तुझ्या रिपोर्टमधला तो ३८ चा आकडा म्हणजे तुझं यकृत ते पान किती मोठ्याने वाचतं आहे याचं माप. दुसरं जनुक हेप्सिडिनचं. हेप्सिडिन शरीरातल्या लोखंडाच्या कोठाराला कुलूप घालतं. आतड्याच्या पेशींत आलेलं लोह रक्तात उतरू देत नाही, आणि जुन्या तांबड्या पेशी मोडून जे लोह मिळतं तेही मोठ्या पेशींतच अडवून ठेवतं. जंतूंचा हल्ला झाला असता तर ही युक्ती फार कामाची होती, कारण जंतूंनाही लोह लागतं. तुझ्याकडे जंतू नाहीत, पण कुलूप लागलेलंच आहे. कोठारात धान्य असून चुलीवर काही नाही अशी ही गत. म्हणून तू कितीही बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, आजार आटोक्यात आल्याशिवाय ते कुलूप पुरतं उघडणार नाही. खरंच लोह कमी आहे की नुसतं अडकलं आहे हे फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्या एकत्र पाहून डॉक्टर सांगू शकतात. त्यांना विचार. दोन्ही एकदमही असू शकतं, तेव्हा लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नकोस.

आणि तुला थकवा येत असेल, ऑफिसातून आल्यावर कुकर लावायचंही जिवावर येत असेल, तर तो आळस नाही. हीच प्रथिनं मेंदूलाही निरोप देतात. तापात अंथरुणाला खिळल्यासारखं होतं ते यांच्यामुळेच. तुला तो ताप रोजच थोडा थोडा असतो असं समज. हे तुझ्या आईला मुद्दाम वाचून दाखव.

आता गोळी. टोफासिटिनिब पेशीच्या आत जाते आणि जॅकच्या त्या खोबणीत बसते जिथून तो शिक्का मारतो. खोबण अडली की शिक्के कमी पडतात, कमी स्टॅट केंद्रकात जातात, ती पानं हळू आवाजात वाचली जातात. पोथीला ती हातही लावत नाही. याची तुला पटेल अशी खूण सांगू? ही साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, कारण साधारण तीन तासांत रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. जनुक बदलणारं औषध असतं तर एकदा घेऊन भागलं असतं. ही घ्यायची थांबवलीस की जॅक पुन्हा शिक्के मारायला लागतात. २०१२ पासून आमवातात ती वापरात आहे.

काकांना आणखी एक विचार. त्यांच्या दुकानातून स्टिरॉइडची किती पाकिटं रोज जातात? स्टिरॉइड तर दारावर थांबतही नाही. ते पेशीची भिंत ओलांडून आत जातं, तिथं वाट पाहत बसलेल्या आपल्या ग्राहक-प्रथिनाला घेऊन थेट केंद्रकात शिरतं, काही पानं उघडतं आणि एनएफ-कप्पा-बीला गप्प करतं. जनुकांच्या कामात इतका सरळ हात घालणारं हे औषध घराघरांत सापडतं, पण त्याची अशी भीती कुणाला वाटत नाही. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो रुग्णालय नव्हे) आमवाताच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं आणि पलंगावरून उठता न येणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याला नोबेल मिळालं. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचवणारं डेक्सामेथासोन याच कुळातलं.

स्टिरॉइडचं नाव काढलं की मला माझी मोठी बहीण आठवते. तिलाही आमवात होता. ऐंशीच्या दशकात तिच्या गावातल्या एका दुकानातून तिला पांढऱ्या बारीक गोळ्या मिळायच्या. कुणी चिठ्ठी विचारायचं नाही. गोळ्यांनी ती पुन्हा जात्यावर बसायला लागली, दोन वर्षं मजेत गेली. मग कुणीतरी म्हणालं, "काहून घेतेस ते विष?" आणि तिने एका दिवसात सगळ्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी उठताच येईना, नाडी हाताला लागेना. एसटीच्या मागच्या बाकावर आडवी घालून तिला नागपूरला आणली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिचे पाय बर्फासारखे गार पडलेले अजून माझ्या हाताला जाणवतात. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी झोपी जातात. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो, गोळी हळूहळू उतरवावी लागते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती वाचली. म्हणून "लग्नापर्यंत सगळं बंद करू का" हे तुझं वाक्य वाचताना माझे हात थरथरले. तू स्टिरॉइड घेतेस की नाही ते लिहिलेलं नाहीस. थोडं जरी घेत असशील तरी ते एका दिवसात थांबवू नकोस.

मेथोट्रेक्सेटही मनाने थांबवू नकोस. आणि ते आठवड्यातून एकदाच, हे पाकिटावर लाल पेनाने वार लिहून ठेव. लग्नघराच्या गडबडीत कुणी रोजच्या डब्यात टाकून दिलं तर जिवावर बेतू शकतं.

मुलांबद्दल तू विचारलंस. यात दोन गोष्टी आहेत आणि काकांनी त्या एकत्र कालवल्या.

पहिली, मुलाच्या वाढीला धोका. तो खरा आहे, पण त्याचं कारण तुझी जनुकं बदलणं हे नाही. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडच्या वाटेत येतं आणि गर्भाच्या भराभर वाढणाऱ्या पेशींना तेच सगळ्यात जास्त लागतं. म्हणून दिवस जायच्या आधीच ते बंद करतात, बहुधा एक ते तीन महिने आधी. टोफासिटिनिबही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना घेत नाहीत, आणि शेवटच्या गोळीनंतर निदान चार आठवडे तरी दिवस राहू देत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही औषधं गरोदरपणातही चालतात. तेव्हा लग्न झालं की लगेच मूल हवं आहे की दोन वर्षांनी, हे तुम्ही दोघांनी ठरवा आणि औषध सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना सांगा. तोवर गर्भनिरोधनात हयगय नको. लाजण्यासारखं यात काही नाही, औषधाची निवडच त्यावर ठरणार आहे.

दुसरी गोष्ट वारशाची. आमवाताकडे थोडा कल घराण्यात असतो, पण आईला आमवात असलेल्या बहुतेक मुलांना तो होत नाही. पोथीतलं अक्षरच बदललं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरलं, अशी गोष्ट पाहायची असेल तर आपल्या विदर्भात लांब जावं लागत नाही. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर वेगळं पडलं आहे, त्याने सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. कोणत्याही निरोपाने ते अक्षर सुधारत नाही. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. दोघंही अगदी ठणठणीत दिसतात, म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझं स्पष्ट मत असं की तुमच्या लग्नाआधी जनुकांची कुणाला काळजी वाटत असेल तर ती इथं वाटायला हवी. तू आणि तो, दोघंही सिकलसेलची तपासणी करून घ्या. आधी सोल्युबिलिटी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. सरकारी रुग्णालयातही होते. तुझं हिमोग्लोबिन ९.२ आहे म्हणून तुझ्यासाठी तर ती दुहेरी गरजेची. काकांना सांग, मुलाबाळांचा विचार आम्ही करतो आहोत, चला, पुतण्याला घेऊन तुम्हीच पॅथॉलॉजीत या.

गोळीला धोके नाहीत असं म्हणत नाही. ते धोकेही याच निरोपांतून समजतात. आपल्याकडे पुष्कळांच्या छातीत टीबीचे जंतू झोपलेले असतात. मोठ्या पेशी त्यांना वेढून बसतात, आणि त्या पेशींना जागं ठेवणारा एक मुख्य निरोप म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. तोही जॅकच्याच दारातून आत जातो. दार अडवलं की सांध्यातला गोंगाट कमी होतो, पण हा पहाराही ढिला पडतो. म्हणून गोळी सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठीची माँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी झालीच पाहिजे. झाली नसेल तर मागून घे. याच कारणाने नागीण उठायचा धोका वाढतो. कमरेच्या पट्ट्यात जळजळ आणि फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, नागीण उतरवून घ्यायला नको. मधूनमधून रक्तपेशी, यकृत आणि कोलेस्टेरॉल तपासत राहावं लागेल. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाबद्दल कडक इशारा छापायला लावला. ज्या अभ्यासावरून तो दिला त्यातले रुग्ण पन्नाशीच्या पुढचे आणि आधीच हृदयाचा काही धोका असलेले होते. तू २७ ची आहेस. तरी घरात कुणाला तरुणपणी गुठळ्या झाल्या असतील, तू सिगारेट ओढत असशील किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणार असशील तर ते डॉक्टरांना सांग.

काढ्याबद्दल थोडक्यात. तुझी इम्युनिटी कमी पडलेली नाही, तिचा आवाज नको तिथं चढला आहे. तो आणखी चढवण्याचा दावा करणारं काही तू कशाला घ्यावंस? शिवाय अशा काढ्यांत घालतात ती गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि मेथोट्रेक्सेटमुळे तुझ्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. आलं घातलेला चहा पी, हळदीचं दूध पी, त्याला माझी ना नाही.

सासरी सांगायचं की नाही? सांग, आणि लग्नाच्या आधी सांग. पण तू एकटीने नाही. धंतोलीला पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्याला सोबत ने. त्याला डॉक्टरांच्या समोर बसून त्याच्या मनातलं विचारू दे. मग आईला त्याने सांगावं, तू शेजारी बसलेली असावीस. ज्या मुलाला हे ठाऊक असून त्याने होकार दिला आहे, त्याला आपल्या आईशी हे बोलता यायला हवं. त्या माउलीला कदाचित वाईट वाटेल, चार प्रश्न पडतील. पण तुझा सुजलेला हात लग्नानंतर भाकरी थापताना तिला दिसण्यापेक्षा आज तुम्हा दोघांच्या तोंडून कळलेलं बरं. आणि समजा तिने नकार दिलाच, तर तो तू आजच पचवशील, पदरात मूल घेऊन पाच वर्षांनी पचवण्यापेक्षा.

राहिला चुडा. आमवातात इंटरल्यूकिन-६ ची पातळी पहाटेच्या सुमारास सगळ्यात वर चढते आणि दिवस वर येतो तशी उतरते. तू सकाळी गेलीस तेव्हा तुझी बोटं दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेत होती. पुन्हा जा, पण दुपारी चारनंतर. निघायच्या आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धर. कासाराला आधीच सांग की सांधे दुखतात, दाबायचं नाही, साबणाचा हात लावून हळू चढव. मुठीची हाडं दबत नसतील तर दोन-सहाऐवजी दोन-आठचं माप घे, मनगटावर थोडं सैल बसेल. चुडा भरायचा मुहूर्त सकाळचा काढला असेल तर गुरुजींना संध्याकाळचा मागून घे. आणि फेरिटिनचा रिपोर्ट आला की मला कळव.

तुझी,
मॅडम